नवे वाहन, जुनी वाट

घरात नवे वाहन आले की पहिला प्रश्न किमतीचा असतो आणि दुसरा 'लिटरला किती जाते?' हा असतो. २०२५ च्या गुढीपाडव्याला आमच्या बिदरच्या घरासमोर नवी मोटारसायकल उभी राहिली, तेव्हा शेजारच्या मंडळींनी हे दोन्ही प्रश्न यथासांग विचारले आणि आम्हीही यथाशक्ति उत्तरे दिली. तिसरा प्रश्न मात्र आमच्या मातोश्रींचा होता. वयाची ऐंशी ओलांडलेल्या त्या माउलीने चाकाखाली लिंबू ठेवविले, टाकीवर कुंकवाचे स्वस्तिक काढले, गाडीभोवती एक संथ प्रदक्षिणा घातली आणि मागच्या आसनाकडे मान वर करून पाहत म्हटले, "छान आहे रे. पण ह्याच्यावर मी कुठं बसायचं?"

या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. पुढील मजकुरात गाडीचे गुणदोष, रस्ते, खर्च, एक फजिती, असे बरेच काही येईल. परंतु लेखणी उचलावयास कारण झाला तो हा तिसरा प्रश्न, हे वाचकांस आरंभीच सांगितलेले बरे. गाडीचे नाव आम्ही मुद्दामच देत नाही. हा लेख जाहिरात नव्हे, आणि तक्रारअर्जही नव्हे.

ही जात कोणती?

'अ‍ॅडव्हेंचर टूरर' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मोटारसायकली आता आपल्याकडेही पुष्कळ दिसू लागल्या आहेत. उंच बांधा, रुंद हँडल, समोर मोठे व मागे लहान चाक, पुढच्या चाकापासून बराच वर बसविलेला मडगार्ड, मोठी टाकी आणि मागे सामान बांधण्यासाठी लोखंडी चौकट, अशी या जातीची ठेवण असते. डांबरी रस्त्यावर दिवसभर न थकता चालावे आणि डांबर संपले तरी मागे फिरावे लागू नये, हा त्यामागील हेतू.

या जातीचा उगम शोधू गेल्यास १९८० साली येऊन थांबावे लागते. त्या वर्षी जर्मनीच्या बी. एम. डब्ल्यू. कारखान्याने रस्ता आणि रान या दोहोंसाठी सुमारे ८०० घनसेंटिमीटरच्या इंजिनाची एक मोटारसायकल बाजारात आणली. त्याआधी, १९७८ च्या डिसेंबरात, पॅरिसहून निघून आफ्रिकेचे वाळवंट ओलांडीत डाकारला पोहोचण्याची शर्यत सुरू झालेली होती. १९८१ साली ती शर्यत याच कारखान्याच्या गाडीने जिंकली, आणि 'कोठेही जाणारी मोटारसायकल' ही कल्पना जगभर रुजली. वाहनाचे मात्र निमित्त असते, हेही येथेच सांगितले पाहिजे. टेड सायमन हा इंग्रज पत्रकार १९७३ ते १९७७ या चार वर्षांत पृथ्वीप्रदक्षिणा करून आला, आपल्या देशातही फिरला, तो ५०० घनसेंटिमीटरच्या साध्या ट्रायंफवर. त्या वेळी ही जात जन्मलीही नव्हती.

आपल्याकडे २०१६ साली रॉयल एन्फील्डची 'हिमालयन' आली आणि मध्यमवर्गीयाला झेपेल अशा किमतीत हे वाहन उपलब्ध झाले. पुढे २०१९ साली हीरोची 'एक्सपल्स', २०२० साली पुण्याजवळच्या चाकणला तयार होणारी के. टी. एम. आणि २०२२ साली नव्या अवतारातील 'येझ्दी' अशी रांगच लागली. २०१५ साली बंगळूरच्या सी. एस. संतोष यांनी डाकारची शर्यत पुरी केली. मोटारसायकलवर ती पुरी करणारे ते पहिले भारतीय. तेव्हापासून आमच्या बिदरच्या चहाच्या टपरीवरील तरुणांच्या तोंडीही डाकारचे नाव येऊ लागले आहे.

अण्णांची येझ्दी

वर येझ्दीचे नाव आले, आणि त्या नावाशी आम्हाला थोडे थांबणे भाग आहे. आमचे वडील, अण्णा, मराठी शाळेत शिक्षक होते. १९७८ साली त्यांनी येझ्दी घेतली. १९६० साली म्हैसूरला स्थापन झालेल्या आयडियल जावा कारखान्यात, चेकोस्लोव्हाकियाच्या तंत्रज्ञानावर या गाड्या बनत. २५० घनसेंटिमीटरचे इंजिन, दोन बाजूंना दोन सायलेन्सर, पेट्रोलमध्ये मोजून मिसळावयाचे तेल. किक आणि गिअर यांचा दांडा एकच. गाडी सुरू करताना तो वर उचलून मागे वळवावयाचा आणि सुरू झाली की पुन्हा पुढे आणावयाचा. ही युक्ती ठाऊक नसलेला मनुष्य ती गाडी चोरूनही नेऊ शकला नसता. १९९६ साली तो कारखाना बंद पडला.

आमच्या पिढीतील सीमाभागातील वाचकांना त्या गाडीचे मोल निराळे सांगावयास नको. १ नोव्हेंबर १९५६ रोजी निजामाच्या जुन्या मुलखाची भाषावार वाटणी झाली. जुन्या बिदर जिल्ह्यातील उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके मुंबई राज्यात गेले. बिदर, भालकी, हुमनाबाद, बसवकल्याण, औराद ही आमची गावे म्हैसूर राज्यात आली. त्याच राज्याचे १९७३ साली कर्नाटक झाले. सोयरसंबंध पलीकडे, शेतीवाडी अलीकडे, अशी कित्येक घरांची स्थिती झाली. अण्णा महिन्यातून एकदा येझ्दीवरून कमलनगरमार्गे उदगीरला जात आणि येताना मराठी मासिके, पाठ्यपुस्तके आणि दिवाळी अंक डिकीत भरून आणीत. ती पुस्तके शाळेत आणि ओळखीच्या पाच-पंचवीस घरांत फिरत.

त्याच येझ्दीवर दर मार्गशीर्षात आई त्यांच्यामागे एका बाजूला पाय सोडून बसे, डोक्यावरचा पदर दातात धरी, आणि दोघे माणिकनगरला दत्तजयंतीला जात. हा नेम अण्णांच्या हयातीत चुकल्याचे स्मरत नाही. अण्णा गेले, गाडी दोन वर्षे अंगणात ताडपत्रीखाली राहिली, आणि एका अडचणीच्या वेळी आम्ही ती विकली. आईने 'विकू नकोस' म्हटले नाही. 'बरं' म्हणाली. पुढे तीस-एक वर्षांच्या नोकरीत आम्ही स्कूटर वापरली. परंतु मनात ती ताडपत्री तशीच राहिली होती. भविष्य निर्वाह निधीतील काही रक्कम हाती आली, तेव्हा आम्ही जे केले ते शहाणपणाचे होते असे आमच्या सौभाग्यवतींना आजही वाटत नाही.

पहिली ओळख

पहिली गोष्ट उंचीची. आसन जमिनीपासून सुमारे बत्तीस इंच. आमची उंची साडेपाच फूट. परिणामी, दोन्ही पाय टेकविले तर चवडे टेकतात, टाचा अधांतरी राहतात. वजन दोनशे किलोच्या आत-बाहेर. चालती गाडी हे वजन जाणवूच देत नाही. उभ्या गाडीला मात्र ते सगळेच्या सगळे आठवते. गर्दीत, चढावर, सिग्नलला थांबताना कोणत्या बाजूला पाय टाकावयाचा याचा विचार दहा पावले आधी करावा लागतो. पहिले आठ दिवस आम्ही नेहरू स्टेडियमच्या बाजूच्या मोकळ्या रस्त्यावर पहाटे केवळ थांबण्याचाच सराव करीत होतो. वाहन चालविण्यापेक्षा ते थांबविणे अवघड, हा पहिला धडा.

दुसरी गोष्ट चाकांची. समोरचे चाक एकवीस इंची असल्यामुळे खड्ड्याची धार त्याला फारशी लागत नाही. ते खड्ड्यात पडण्याऐवजी त्यावरून जाते. धक्के पिणाऱ्या दांड्यांचा पल्लाही लांब. ज्या रस्त्यावर स्कूटरने आमच्या मणक्याचे मणी मोजले होते, त्या रस्त्यावर ही गाडी ताशी पन्नासने निवांत जाते. मोठे चाक वळावयास जरा आळशी, हा त्याचा मोबदला.

तिसरी गोष्ट ब्रेकची. १२५ घनसेंटिमीटरच्या वरील सर्व दुचाक्यांना एप्रिल २०१९ पासून चाक न अडकू देणारी 'ए. बी. एस.' ही योजना सक्तीची आहे. चाकाजवळ बसविलेली चकती आणि संवेदक चाकाचा वेग सतत मोजतात. जोरात ब्रेक दाबल्यावर चाक अडकून घसरू लागले की यंत्रणा ब्रेकचा दाब क्षणभर सोडते आणि पुन्हा लावते. हे एका सेकंदात अनेकदा घडते, आणि पायाखाली ती थरथर जाणवते. ओल्या डांबरावर हे वरदान आहे. परंतु सुट्या मुरमावर मागचे चाक थोडे अडकून मातीत रुतलेलेच बरे, म्हणून या जातीच्या गाड्यांत मागच्या चाकापुरती ही योजना बंद करण्याची सोय असते. डांबरावर परतताना ती पुन्हा सुरू झाली आहे ना, हे पाहण्याची सवय लावून घ्यावी.

आता दोष. इंजिनाची ऊब उन्हाळ्यात उजव्या गुडघ्यास चांगलीच लागते, आणि आमच्या भागात उन्हाळा म्हणजे काय ते वेगळे सांगावयास नको. दुसरे, येझ्दीची साखळी पूर्ण झाकलेली असे. या गाडीची उघडी आहे. दर पाचशे किलोमीटरला ती पुसून तेल द्यावे लागते, आणि मुरमाच्या धुळीत त्याहून लवकर. तिसरा दोष पंक्चरचा. आमच्या चाकांना तारा आणि आत ट्यूब आहे. मळखेडजवळ एकदा हवा गेली, तेव्हा चाक उतरवून ट्यूब बाहेर काढण्यात दोन तास गेले. मळखेड म्हणजे राष्ट्रकूटांची मान्यखेट राजधानी. कागिणा नदीकाठच्या किल्ल्याच्या पडक्या भिंतीकडे पाहत पंक्चर काढण्याचा योग सर्वांस येतो असे नाही, एवढेच समाधान.

आपल्या दारातली वाट

या जातीची गाडी घेतली की लोक विचारतात, "लडाखला कधी जाणार?" आमचे उत्तर असे की, आधी आपले अंगण तरी पाहू. पहिले पाच हजार किलोमीटर आम्ही बिदर आणि कलबुर्गी या दोन जिल्ह्यांत आणि त्यांच्या शिवेवरच काढले.

बिदर हे सुमारे २,२०० फूट उंचीच्या जांभ्या दगडाच्या पठारावर वसले आहे. पहाटे निघून हुमनाबादकडे उतरू लागले की रस्त्याकडेची लाल माती हळूहळू काळी होत जाते. हा आता राष्ट्रीय महामार्ग ५० आहे, नांदेडहून निघून उदगीर, बिदर, हुमनाबाद, कलबुर्गी, विजापूर असा खाली उतरणारा. जुन्या काळच्या सत्तेची वाट याच्या उलट चढली. १३४७ साली गुलबर्ग्याला बहमनी राज्य स्थापन झाले आणि पंधराव्या शतकात राजधानी वर बिदरला आली. आपण दीड-दोन तासांत ज्या दोन किल्ल्यांमधले अंतर कापतो, त्या अंतरासाठी त्या राजधानीला सुमारे पाऊणशे वर्षे लागली.

हुमनाबाद ओलांडून कमलापूर लागते. तेथील तांबड्या सालीची केळी भौगोलिक मानांकन मिळालेली आहेत. रस्त्याकाठी घड टांगलेले दिसले की गाडी थांबवावी आणि चार केळी टाकीवरच्या पिशवीत घालावीत. पुढे कलबुर्गी, आणि दोहो बाजूंस तुरीची शेते. येथल्या तूरडाळीलाही असेच मानांकन आहे. आपल्या वरणाची वाट येथूनच निघते म्हणा ना. कलबुर्गीच्या किल्ल्यातील १३६७ सालची जामा मशीद, खुला चौक नसलेली, सबंध छताखाली घेतलेली, आवर्जून पाहावी. उन्हातून येणाऱ्याला त्या कमानींखालची सावली किती खोल असते, ते मोटारीतून आलेल्यास कळणार नाही.

कलबुर्गीहून शहाबाद, वाडी, चितापूर या बाजूस गेले की सिमेंटच्या मालमोटारींची रांग लागते. येथे गाडीची ताकद उपयोगी पडते, आणि तिचा मोह आवरणे त्याहून उपयोगी पडते. रस्त्याकडेला करड्या फरशीचे ढीग दिसले, तेव्हा आम्ही थबकलो. आपल्या आजोळच्या स्वयंपाकघरात, शाळेच्या व्हरांड्यात, मंगल कार्यालयात, जिच्यावर पंगती बसल्या ती 'शहाबादी फरशी' ती हीच. जन्मभर जिच्यावर मांडी घालून जेवलो, तिचे गाव पन्नाशीनंतर पाहिले. त्याच दिशेला भीमेच्या काठी सन्नती आणि कनगनहळ्ळी. कनगनहळ्ळीच्या स्तूपाच्या उत्खननात सम्राट अशोकाचे, नाव कोरलेले शिल्प सापडले आहे. शेवटचा रस्ता कच्चा. तेथे ही उंच गाडी घेतल्याचे पहिल्यांदा सार्थक वाटले.

पूर्वेस चिंचोळीचे अभयारण्य. २०११ साली घोषित झालेले हे कोरड्या मुलखातील रान पावसाळ्यानंतर इतके हिरवे असते की, आपण तुरीच्या प्रदेशात आहोत हे विसरावयास होते. आणि पश्चिमेस बसवकल्याण. विज्ञानेश्वराची 'मिताक्षरा' जेथे लिहिली गेली आणि बसवेश्वरांनी जेथे अनुभवमंटप भरविला, ते हे गाव आज मराठी, कन्नड आणि दखनी या तिन्ही भाषांत बाजार करते. गाडीवर के. ए. ३८ असा बिदरचा क्रमांक आणि तोंडात मराठी, असे आम्ही उदगीरच्या पेट्रोल पंपावर उभे राहिलो की तेथला पोरगा विचारतो, "काका, कर्नाटकचे का? मराठी चांगलं बोलता हो!" यावर काय बोलावे हे आम्हाला आजवर सुचलेले नाही. आम्ही फक्त टाकी भरून घेतो.

काळ्या मातीचा धडा

आता फजिती. श्रावणातला दिवस. भालकी तालुक्यातील एका आप्ताकडून परतताना डांबरी रस्ता सोडून पाणंदीने जावे, अशी बुद्धी झाली. गाडीच्या पुस्तकात डोंगरदऱ्यांची चित्रे होती. आमच्या पाणंदीचे नव्हते. काळी माती कोरडी असताना दगडासारखी आणि भिजली की लोण्यासारखी. शंभर पावलांत मागचे टायर नुसते मातीचे रूळ झाले. बैलगाडीच्या चाकोरीत पुढचे चाक, आम्ही थांबलो, डावा पाय टाकला, आणि तेथे जमीन नव्हती. चाकोरीचा खड्डा होता. गाडी अगदी सावकाश, एखाद्या म्हशीने बसावे तशी बसली. आमचा गुडघा तिच्याखाली.

वेग शून्य होता. तरीही उठता येईना. पाऊस भुरभुरत होता, फोन खिशात आणि खिसा गाडीखाली. त्या पाच-सात मिनिटांत आम्हाला डाकार आठवले नाही. आई दारात बसली असेल, एवढेच आठवले. आमचे मामा तरुणपणी अपघातात गेले, तेव्हापासून घरातला कोणीही वेळेवर आला नाही की ती दारात बसते.

शेजारच्या शेतातून तिघे धावत आले. एक मराठी बोलत होता, दुसरा कन्नड, तिसरा दखनी. उचलण्याची कला त्यांना आमच्याहून अधिक अवगत होती. "पाठ लावा साब, पाठ! हातां से नै उठता ये," असे म्हणत तिसऱ्याने गाडीकडे पाठ करून, एका हाताने हँडल व दुसऱ्याने मागची चौकट धरून, गुडघे वाकवून मांड्यांच्या जोरावर ती ढकलून उभी केली. बैल बसला तर त्याला कसे उठवावे हे ठाऊक असलेल्या माणसाला मोटारसायकलचे पुस्तक लागत नाही. निरोप देताना कन्नड गृहस्थ म्हणाले, "सावकाश होगरी!" हळू जा. आमचा 'सावकाश' त्यांच्या बोलीतही सावकाशच आहे, हे आम्ही जन्मभर ऐकत आलो होतो. त्या दिवशी तो शब्द प्रथमच नीट ऐकू आला.

गुडघ्याने तीन आठवडे घेतले. आईने काही विचारले नाही. तिने फक्त तिसऱ्या दिवशी हळदीचा लेप लावताना म्हटले, "तुझे अण्णा पावसात पाणंदीनं नाही जायचे. गाडी वेशीत ठेवून चालत जायचे."

हिशेब आणि चार सूचना

जे वाचक या वाटेला जाऊ इच्छितात त्यांच्यासाठी थोडे रोकडे बोलू. आमची गाडी लिटरला २८ ते ३० किलोमीटर जाते. १७ लिटरची टाकी भरली की साडेचारशे किलोमीटर निश्चिंती. परंतु खरेदीपूर्वी इंजिनाच्या आकाराचा विचार अवश्य करावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० घनसेंटिमीटरपर्यंतच्या मोटारसायकलींवरील वस्तू व सेवा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला, आणि त्यावरील गाड्यांचा ४० टक्के झाला. आमच्या रस्त्यांना आणि आमच्या वयाला लहान इंजिनाची, हलकी गाडी पुरते, असे आता आमचे प्रामाणिक मत झाले आहे. ते खरेदीनंतर झाले, हा आमचा दैवयोग.

विकत घेण्यापूर्वी गाडीवर नुसते बसून पाहू नये; बसून, उतरून, ती दहा पावले मागे ढकलून पाहावी. शिरस्त्राण आय. एस. आय. चिन्हाचेच घ्यावे, जून २०२१ पासून दुचाकीसाठी दुसरे विकणेच नियमबाह्य आहे, आणि कर्नाटकात मागे बसणाऱ्यासही ते २०१६ पासून सक्तीचे आहे. गुडघ्याचे कवच चैन समजू नये. आमची कन्या महाविद्यालयात आहे; तिलाही आम्ही पहाटे त्याच मोकळ्या रस्त्यावर शिकवितो. सौभाग्यवतींनी आक्षेप घेतला, तेव्हा तिने २०२३ साली नऊवारी नेसून मोटारसायकलवर जगप्रवासाला निघालेल्या पुण्याच्या रमिला लटपटे यांचा दाखला दिला. आक्षेप मागे घेतला गेला नाही. पण चहा मिळाला.

आणि एक. मागील चाक निम्मे तरी झाकणारे आच्छादन, म्हणजे ज्याला आपण 'साडी गार्ड' म्हणतो ते, आणि मागे बसणाऱ्यासाठी धरावयाची कडी व पाय ठेवण्याची सोय मोटार वाहन नियमांनुसार आवश्यक आहे. हौशी लोक गाडी घेतल्याबरोबर गार्ड काढून टाकतात. आम्हीही तेच करणार होतो. आईच्या प्रश्नानंतर ते काढले नाही.

माणिकनगर

तरीही ते पुरेसे नव्हते. मार्गशीर्ष लागला तसा आम्ही एक स्टूल आणला, त्यावर आईला उभे केले, सौभाग्यवतींनी एका बाजूने व कन्येने दुसऱ्या बाजूने आधार दिला. आई त्या आसनापर्यंत पोहोचलीही. क्षणभर एका बाजूला पाय सोडून बसली. मग म्हणाली, "उतरवा. फार उंच आहे. इथून माणसं दिसत नाहीत, पत्रेच दिसतात." आणि आम्हा सर्वांना एकदमच हसू आले, आणि हसता हसता आम्ही तिला उतरविले.

वाटेल तेथे जाईल म्हणून जी गाडी आम्ही घेतली, ती ज्या एका ठिकाणी, ज्या एका माणसाला घेऊन जावी असे मनात होते, तेथे नेऊ शकत नव्हती. खरेदीच्या वेळी आम्ही इंजिन पाहिले, चाके पाहिली, टाकी पाहिली. मागचे आसन पाहिले नाही. याचा दोष कोणत्या कारखान्यावर टाकावा?

दत्तजयंतीच्या दिवशी आई सौभाग्यवतींबरोबर परिवहन मंडळाच्या बसने निघाली. कर्नाटकात जून २०२३ पासून महिलांना साध्या सरकारी बसचा प्रवास विनामूल्य आहे. तेव्हा पन्नास किलोमीटरसाठी तिला काहीच पडले नाही आणि आम्ही दोन लिटर पेट्रोल जाळले. हे तिने आम्हाला आठवणीने सांगितले. आम्ही बसच्या मागोमाग होतो. पुढे जाण्याची ताकद गाडीत होती, पण गेलो नाही. मागच्या काचेतून तिचा पांढरा पदर दिसत होता. दोन-तीनदा तिने मागे वळून पाहिले. अण्णांच्या मागे बसून ती जशी रस्त्याकडेची गावे मोजीत असे, तशीच ती आता खिडकीतून मोजीत असेल, असे वाटले.

हुमनाबादच्या स्थानकावर उतरल्यावर माणिकनगरपर्यंतच्या दोन-तीन किलोमीटरसाठी रिक्षा केली. १८६५ साली समाधिस्थ झालेल्या श्री माणिकप्रभूंच्या त्या स्थानी यात्रेची गर्दी होती. मराठी, कन्नड, तेलुगू, दखनी, सर्व बोली एका रांगेत उभ्या होत्या. दर्शन झाले. परतताना आई गाडीपाशी थांबली. ओंजळीतला अंगारा तिने आधी आमच्या कपाळाला लावला, मग उरलेला टाकीला. पाडव्याला काढलेल्या स्वस्तिकाची खूण तेथे अजून पुसट दिसत होती.

"अण्णांची गाडी वेशीत आली की मला घरात कळायचं," ती म्हणाली. "ही फार हळू बोलते. येताना वेशीतून हॉर्न वाजवत जा. म्हणजे मी दारात बसणार नाही."

तेव्हापासून आम्ही गल्लीच्या तोंडाशी आलो की एकदा हॉर्न वाजवितो. शेजाऱ्यांची तक्रार आहे. ती आम्हाला मान्य आहे.